जुन्या अंतराळ-नभोनाट्यांचं विडंबन: संहिता, आवाज आणि गंभीर चेहरा

#१ · तबकडी

१९३० ते १९५० च्या दशकांतली रेडिओवरची अंतराळनाट्यं आज ऐकली की हसू येतं. त्यांची थट्टा करणारी नवी श्राव्यनाटकं ऐकली की बऱ्याचदा येत नाही. मूळ मंडळी जीव तोडून गंभीर होती. थट्टा करणारे माईकसमोर डोळे मिचकावतात आणि ते ऐकू येतं. हा प्रकार कुणी नीट जमवला, कसा जमवला आणि मराठीत घरच्या घरी करायचा तर काय लागतं, यासाठी हा धागा.

आधी मूळ माल. अमेरिकेत 'बक रॉजर्स' सीबीएसवर नोव्हेंबर १९३२ मध्ये सुरू झालं, पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग. एनबीसीवर १९५०-५१ मध्ये 'डायमेन्शन एक्स' आणि १९५५ ते १९५८ 'एक्स मायनस वन'. ब्रिटनमध्ये चार्ल्स चिल्टन यांचं 'जर्नी इन्टू स्पेस' सप्टेंबर १९५३ पासून बीबीसीच्या लाइट प्रोग्रामवर. त्यातला कॅप्टन जेट मॉर्गन १९६५ साली चंद्रावर जातो.

आता विडंबन. बीबीसी रेडिओवरच्या 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमाचा 'नाइन्टीन एटी-फाइव्ह' हा भाग ४ जानेवारी १९५५ चा. बीबीसी टीव्हीवर जॉर्ज ऑरवेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' कादंबरीचं नाट्यरूप १२ डिसेंबर १९५४ ला दाखवलं गेलं होतं, म्हणजे चार आठवडेही उलटले नव्हते. यात 'बिग ब्रदर' म्हणजे खुद्द बीबीसी, आणि १०१ नंबरच्या खोलीत छळ म्हणून बीबीसीचेच कार्यक्रम ऐकवतात. 'गून शो'चाच 'द स्कार्लेट कॅप्सूल' तर त्याहून झटपट: 'क्वाटरमास अँड द पिट' या बीबीसी टीव्हीच्या विज्ञानमालिकेचा शेवटचा भाग २६ जानेवारी १९५९ ला, विडंबन २ फेब्रुवारीला. अमेरिकेत बॉब एलियट आणि रे गोल्डिंग या विनोदी जोडीने 'टॉम कॉर्बेट, स्पेस कॅडेट' या अंतराळमालिकेची फिरकी घेतली. त्यांच्या नायकाचं नाव लॉरेन्स फेख्टनबर्गर, पदवी 'आंतरतारकीय अधिकारी उमेदवार', आणि प्रायोजक कोण, तर 'मध्ये पांढरं काहीतरी असलेली चॉकलेटची बिस्किटं'. अलीकडचं म्हणाल तर लॉस एंजेलिसमध्ये २००५ ते २०१५ रंगमंचावर चाललेला 'थ्रिलिंग ॲडव्हेंचर अवर', त्यातला मंगळावरचा मार्शल स्पार्क्स नेवाडा. आणि बीबीसी रेडिओ ४ वरचं 'नेब्युलस' हे विज्ञान-प्रहसन.

जाता जाता: 'गून शो'चा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. बालपणातली काही वर्षं पुण्यात गेली. तेव्हा या धाग्याला नगर जिल्ह्याचा थोडाफार हक्क लागतो.

जुना आवाज आणण्याची माझी कृती साधी आहे: १२० हर्ट्झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, एकमार्गी (मोनो) करा, वर तबकडीची खरखर पेरा. पुढे तुम्ही बोला.

#२ · कर्णपिशाच

पहिलं सगळं मान्य, खरखर अमान्य.

१९५३ साली घरी रेडिओ ऐकणाऱ्याला तबकडीची खरखर ऐकू येत नव्हती. नाटक थेट प्रक्षेपित व्हायचं किंवा चांगल्या फितीवरून वाजायचं. आपण ऐकतो ती खरखर नंतरच्या प्रतींची आहे: १६ इंची तबकड्या, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला सुमारे १५ मिनिटं, ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर. तो थर वर्षानुवर्षं पडून राहिला, त्याला चिरा गेल्या, मग कुणीतरी ती वाजवून फितीवर उतरवली.

रेडिओचे दोष वेगळे असतात. मध्यम लहरींवर विजेचा कडकडाट, तोही एकसारखा नाही, झुबक्याने येतो. शेजारचं केंद्र घुसलं की शिट्टी, आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची आणि अमेरिकेत १० ची, कारण केंद्रांमधलं अंतर तेवढं. लघुलहरींवर आवाज वर-खाली झुलतो आणि झुलताना पोकळ होतो. रेडिओ सिलोन लघुलहरींवर ऐकलेल्या पिढीला हा झुला लगेच कळतो. तो करायचा तर दोन गोष्टी एकत्र लागतात: आवाजाची पातळी ५-६ डेसिबलने आणि दर ४ ते ८ सेकंदांनी हलवायची, आणि त्याच गतीने हलका फेझर (आवाज पोकळ करत फिरवणारा परिणाम) लावायचा. नुसती पातळी हलवली तर कुणीतरी बटण फिरवतंय असं वाटतं.

आणि हे विनोदाच्या कामाचं: 'मंगळवाल्यांनी केंद्र उडवलं' असा प्रसंग असेल तर शांतता कुठली हवी ते ठरवा. निवेदकाचा माईकच बंद पडला तर प्रक्षेपणाची लहर चालू असते, म्हणून रेडिओ अगदी शांत होतो. प्रक्षेपकच गेला तर रेडिओ आपली संवेदनशीलता आपोआप वाढवतो आणि भस्सकन फसफस वर येते. बहुतेक जण केंद्र उडवतात आणि शांतता ठेवतात. तिथे फक्त माईक बंद पडलेला असतो.

#३ · चिवडा_चौकार

म्हणजे खरखर पूर्ण काढायची?

#४ · कर्णपिशाच

मालिकेची बतावणी काय आहे त्यावर. 'हा जुना भाग गोदामात सापडला' असं म्हणत असाल तर खरखर ठेवा, आणि तबकडीची बाजू उलटायच्या जागी, पंधराव्या मिनिटाला, तिचा पोत बदला. तबकडी आतल्या कडेकडे येते तशी सुईखालून दर सेकंदाला जाणारी खोबण कमी होते, आवाज मंद आणि किंचित फाटका होतो. नव्या बाजूला एकदम उजळतो. बतावणी 'थेट प्रक्षेपण' अशी असेल तर खरखर नको.

#५ · शून्य_डेसिबल

तबकडींच्या कृतीत क्रमाची चूक आहे. ती इतकी सर्रास होते की सविस्तर लिहितो.

गाळणी लावल्यावर लोक जुनाटपणासाठी आवाज जरा 'फाडतात', म्हणजे सॅच्युरेशन देतात. फाडलं की नवे उपस्वर तयार होतात आणि ते ५ किलोहर्ट्झच्या वर जाऊन बसतात. मग १९४० चं भांडं आणि २०२० चं झाकण असा प्रकार होतो. क्रम असा ठेवा: गाळणी, मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), मग सॅच्युरेशन, मग तीच गाळणी पुन्हा. कॉम्प्रेसर ४:१, पकड ५ ते १० मिलिसेकंद, सुटका १५० च्या आसपास, मोठ्या आवाजाला ६ डेसिबल दाब. १.५ ते २.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल उंचवटा द्या, त्याने निवेदकाला तो छाती काढलेला सूर मिळतो. गाळणीचा उतार दर सप्तकाला १२ ते १८ डेसिबल पुरे. ४८ चा कडा लावला तर टेलिफोन वाटतो, रेडिओ नाही. टेलिफोनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झ, ती फक्त 'पृथ्वीवरून संदेश' अशा पात्रांसाठी राखून ठेवा, नाहीतर सगळेच पृथ्वीवरून बोलतात.

हे सगळं एकत्र मिश्रणावर लावा, प्रत्येक पात्रावर वेगळं नको. संगीत, आवाज, माणसं एकाच केंद्रातून येताहेत हा भास त्यानेच होतो.

शेवटची पातळी एकमार्गी फाइलसाठी −१९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). एमपी३ करताना ९६ केबीपीएसच्या खाली जाऊ नका. फसफस ही एमपी३ ची शत्रू. कमी दरावर ती बुडबुड्यांसारखी ऐकू येते आणि यान पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं.

#६ · श्रुतिकाताई

तांत्रिक बाजू चांगली चालली आहे, पण विडंबन कोसळतं ते संहितेत.

'गून शो'चा निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड हा बीबीसीचा खराखुरा निवेदक होता. तो ज्या सुरात बातम्या सांगायचा त्याच सुरात मूर्खपणा सांगायचा. ऑर्सन वेल्सच्या ३० ऑक्टोबर १९३८ च्या मंगळ-आक्रमणाच्या रेडिओनाटकात ('द वॉर ऑफ द वर्ल्ड्स') वार्ताहराचं काम करणाऱ्या फ्रँक रीडिकने हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या अपघाताच्या वेळचं वार्ताहर हर्बर्ट मॉरिसनचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून तो सूर उचलला. ते विडंबन नव्हे, पण धडा तोच: सूर खऱ्या बातमीचा हवा, शब्द काहीही असोत. वेल्सने सुरुवातीला हॉटेलातलं नृत्यसंगीतही कंटाळा येईपर्यंत लांबवलं होतं. कंटाळा हेही गांभीर्याचंच साधन आहे.

हिशेब सांगते. मराठी नाट्यवाचनाचा वेग मिनिटाला १२० ते १३० शब्द. १५ मिनिटांतून संगीत, आवाज आणि विराम यांची अडीच मिनिटं वजा केली की साडेबारा उरतात, म्हणजे साधारण १५५० शब्द. नवीन लेखक हमखास २२०० लिहितात, मग नट धावतात आणि विनोद जागेवरच दगावतो.

मांडणी जुन्या मालिकांचीच ठेवा: २० सेकंद शीर्षकधून, निवेदकाचं 'मागील भागात' ४० सेकंदांच्या आत, पहिला प्रवेश सहाव्या मिनिटापर्यंत, मग प्रायोजकाची जाहिरात ४५ सेकंद, दुसरा प्रवेश, आणि साडेतेराव्या मिनिटाला संकट. त्यानंतर निवेदकाचे तीन प्रश्न. पहिले दोन खरे, तिसरा क्षुल्लक. क्रम बदलू नका.

नमुना:

निवेदक: श्रोतेहो, गेल्या भागात कॅप्टन विश्वासराव शुक्रावर उतरले. शुक्रावर उतरायला परवानगी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं.
ध्वनी ७: यानाचं दार. पूर्ण उघडेपर्यंत थांबावे.
कॅप्टन: नाडकर्णी, बाहेरचं तापमान?
नाडकर्णी: चारशे साठ अंश, साहेब.
कॅप्टन: सावलीत?
नाडकर्णी: सावली गेली, साहेब. होती आत्ता.
ध्वनी ८: पावलं, चिकट. सहा.
मुकादम: अर्ज क्रमांक सात आणलाय का?
कॅप्टन: आम्ही पृथ्वीवरून आलो आहोत!
मुकादम: मग अकरा लागेल.

आणि शेवट: 'कॅप्टन विश्वासराव या उष्णतेतून वाचतील का? नाडकर्णींचा प्राणवायू पुरेल का? आणि अर्ज क्रमांक अकरा तीन प्रतींत असतो की चार? ऐका पुढच्या मंगळवारी, याच वेळी.'

मुकादमाने विनोदी आवाज काढला की संपलं. तो फक्त दमलेला हवा.

कागद ए-४, एकाच बाजूला छापलेला, १४ पॉइंट. एका पानावर अडीचशे शब्द बसले की एक पान म्हणजे दोन मिनिटं, घड्याळाकडे बघावं लागत नाही. ओळींना क्रमांक द्या आणि आवाजांना वेगळे. पिन मारू नका. पान उलटायचं नसतं, वाचून झालं की बाजूला सरकवायचं किंवा खाली सोडायचं. निवेदकाच्या वाक्यात पान संपू देऊ नका.

#७ · भोंगा

ताई, ध्वनी ७ माझ्याकडे.

यानाचं दार तीन थरांचं करा. पहिला घरघर, मिक्सर दूरच्या खोलीत चालू ठेवून भिंतीपलीकडून घेतलेली, अर्धा-पाऊण सेकंद. दुसरा सायकलच्या ट्यूबची हवा सोडलेली फुस्स, साधारण एक सेकंद. तिसरा लोखंडी कपाटाच्या कडीचा ठोका, निम्म्या वेगाने वाजवलेला. निम्मा वेग म्हणजे एक सप्तक खाली आणि दुप्पट लांब, तेव्हा ठोका मुळात छोटा आणि कोरडा घ्या. कपाटात कपडे भरलेले असू द्या, रिकामं कपाट गुंजतं आणि ते कपाटच आहे हे कळतं. तिन्ही थर एकाच क्षणी सुरू केले तर दार उघडत नाही, आदळतं.

झाकणाचे आटे फिरण्याचा आवाज वेल्सच्या नाटकात स्वच्छतागृहात बरणी धरून केला होता असं सांगतात. करून बघायला सोपं आहे: काचेची बरणी, पत्र्याचं आट्यांचं झाकण, आटे पुसून पूर्ण कोरडे. तेलाचा लवलेश राहिला तर करकर येत नाही. फरशीच्या न्हाणीघरात दोन फुटांवर माईक. सेकंदाला पाव फेरा, त्याहून जोरात नाही. श्रोत्याला झाकण मोठं वाटतं ते या संथपणामुळे.

अग्निबाण: पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह. भडका स्थिर झाल्यावर माईक बाजूला दीड फुटावर ठेवून एक मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि चौथाई वेगाने वाजवा. खिडकी उघडी ठेवा. माईक ज्योतीच्या वर धरू नका, गरम हवेचा लोट थेट पडद्यावर बसतो. स्टोव्ह नसेल तर गॅसशेगडीची मोठी ज्योत चालते, पण ती फुसफुसते, गर्जत नाही. लोक सांगतात की हळू करायचं तर ९६ किलोहर्ट्झच्या नमुनादराला (सॅम्पल रेट) मुद्रण करा. एरवी बरोबर, इथे गरज नाही. ४४.१ वर २२ किलोहर्ट्झपर्यंतचं येतं, चौथाई केल्यावर साडेपाच उरतं, आणि आपण पाचच्या वरचं फेकूनच देतोय.

अग्निबाणाची खरी अडचण पुढे येते. खालची घरघर मोबाईलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, बहुतेक स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली गप्प असतात. म्हणून ४०० ते ८०० च्या पट्ट्यात काहीतरी खडबडीत लागतं. परातीत तांदूळ गोल फिरवून तो थर खाली मिसळा.

चिकट पावलं: भिजवलेला साबुदाणा ताटात, त्यावर रबरी चप्पल. सहा म्हणजे सहाच.

#८ · चिवडा_चौकार

किरणबंदूक?

#९ · भोंगा

धातूची लांब स्प्रिंग, जिन्यावरून उतरणारं खेळणं असतं ती. प्लास्टिकची चालत नाही, आवाज आतच जिरतो. दीड-दोन मीटर लोंबकळू द्या, वरचं टोक कागदी पेल्याच्या बुडाला अडकवा, खालच्या टोकाला पेन्सिलीने टिचकी. 'प्यूऽऽ' येतो, कारण स्प्रिंगमधून वरच्या पट्टीचे कंप आधी पोचतात आणि खालचे मागून, म्हणून सूर घसरत उतरतो. पेल्याच्या तोंडाशी माईक धरा.

पेल्याऐवजी २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपांचं विजेत रूपांतर करणारी) चिकटवली तर आवाज जास्त स्वच्छ येतो. ती चकती माईकच्या खाचेत लावू नका, पत्र्यासारखी कर्कश ऐकू येते. तिला दहा लाख ओहमच्या वरचा प्रवेशरोध (इनपुट इम्पिडन्स) लागतो, म्हणजे ध्वनियंत्रावर (ऑडिओ इंटरफेस) गिटारचं चित्र असलेली खाच.

#१० · तबकडी

शून्य_डेसिबल, क्रमाची चूक कबूल.

यंत्रमानवाच्या आवाजाबद्दल. ट्रेमोलो (पातळी झपाट्याने वर-खाली करणारा परिणाम) ३० हर्ट्झला ठेवला की झालं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जवळ पोचतं, पण ते नाही. ट्रेमोलोत मूळ सूर शिल्लक राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भावंडं येतात: २०० हर्ट्झचा सूर असेल तर १७०, २०० आणि २३०. रिंग मॉड्युलेटरमध्ये मधला २०० नाहीसा होतो, फक्त १७० आणि २३० उरतात. 'डॉक्टर हू'मधल्या डॅलेक यंत्रांचा माणूसपण गेलेला आवाज यातूनच येतो. संगणकावर आवाजाला ३० हर्ट्झच्या शुद्ध सुराने गुणायचं, बेरीज नाही. नटाने एका पट्टीत, शब्द तोडत बोलायचं. भावपूर्ण अभिनय केला तर काहीच समजत नाही.

संगणक नको असेल तर टेबलफॅन. तीन पाती, मिनिटाला १३०० फेरे म्हणजे सेकंदाला ६५ तुकडे. रेग्युलेटरवर हळू केला की ४५ च्या आसपास. पंख्याच्या पाठीमागून बोला आणि माईक त्याच बाजूला, तिरपा ठेवा. समोर ठेवलात तर वारा मुद्रित होईल.

#११ · निवांत_नगरकर

हास्याचा कल्लोळ टाकायचा का? 'गून शो' तर प्रेक्षकांसमोर व्हायचा.

#१२ · श्रुतिकाताई

नको. 'गून शो' विनोदी प्रहसन म्हणूनच ओळखला जायचा, मध्ये रे एलिंग्टन आणि मॅक्स गेल्ड्रे यांची गाणी-वाजवणी असायची, तिथे प्रेक्षक शोभले. 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' हे विनोदी अंतराळनाट्य ८ मार्च १९७८ ला रेडिओ ४ वर सुरू झालं तेव्हा प्रेक्षक मुद्दाम ठेवले नाहीत. थरांवर थर चढवायचे तर प्रेक्षकांसमोर करताच येत नाही. पॅडी किंग्सलंड आणि रेडिओफोनिक वर्कशॉप या बीबीसीच्या ध्वनिप्रयोग विभागाचं काम तिथे होतं, आणि आवाज वेगळे मुद्रित व्हावेत म्हणून काही नटांना कपाटांत उभं करायचे.

विडंबनाला दुसरं कारण आहे. हशा आला की श्रोत्याला परवानगी मिळते: आता हसा. मूळ अंतराळनाट्याला प्रेक्षक नव्हते, शांतता होती. ती शांतता काढून घेतली तर नक्कल करायला उरलं काय?

#१३ · निवांत_नगरकर

थोडं असहमत. रंगमंचावर 'थ्रिलिंग ॲडव्हेंचर अवर'मध्ये हशा होताच आणि तो अडला नाही. तिथे खोटे प्रायोजक 'वर्कजूस कॉफी' आणि 'पेट्रिअट ब्रँड सिगारेट्स', नट माईकसमोर हातात संहिता धरून उभे. प्रेक्षक त्या काळच्या स्टुडिओतले प्रेक्षक होऊन बसतात, तेही नाटकात सामील. पण मुद्रित हशा चिकटवणं वाईटच, त्यात दुमत नाही.

#१४ · श्रुतिकाताई

खरी माणसं खरी हसत असतील तर हरकत नाही, मान्य.

#१५ · शून्य_डेसिबल

ताई, तुमच्या नमुन्यात एक खड्डा आहे. 'चारशे साठ'.

'स'चा बराचसा जोर ५ किलोहर्ट्झच्या वर असतो. तो कापला, वर टेलिफोनची पट्टी लावली, की 'साठ' आणि 'आठ' यांत फरक राहत नाही. शुक्राच्या तापमानाचं तसं बिघडत नाही, पण उलट मोजणीत 'सात' म्हणजे 'आत' होतो. 'स', 'श', 'फ' गळतात आणि दंत्य 'च'सुद्धा, म्हणजे 'चाक'मधला. 'चार'मधला टिकतो. अंतराळवीरांची नावं सुभाष, शशी, सतीश अशी ठेवलीत तर सगळे एकसारखे ऐकू येतील. नाडकर्णी उत्तम, विश्वासराव मधल्या 'श्वा'वर जरा घसरतो पण 'राव'ने सावरतो.

उपाय दोन. 'स'च्या शब्दाआधी बारीकसा विराम, किंवा त्या एका पात्रासाठी गाळणी ५ ऐवजी ६ वर.

#१६ · श्रुतिकाताई

तिसरा उपाय वापरते. निवेदकालाच 'चारशे आठ' ऐकू येतं आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला तो अत्यंत गंभीरपणे बावन्न अंशांची चूकदुरुस्ती वाचतो.

#१७ · भोंगा

आणि शुक्राची गोष्ट मंगळवारी का, हे मुकादमाने विचारायला हवं.

#१८ · कर्णपिशाच

माईकसमोर उभं राहण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. जुन्या स्टुडिओत आरसीए ४४ सारखा रिबन माईक असायचा. तो पुढून आणि मागून सारखा ऐकतो, दोन्ही बगलांकडून जवळपास बहिरा. म्हणून नट समोरासमोर उभे राहून एकाच माईकवर बोलत, एकमेकांचे डोळे दिसत. 'दुरून येणारं' पात्र बगलेच्या बहिऱ्या बाजूला बोलायला लागायचं आणि दोन पावलांत समोर यायचं. आवाजाची कळ कुणी फिरवत नव्हतं.

आजच्या एकाच बाजूने ऐकणाऱ्या माईकवर हे करायला गेलं की खोलीचा घुमारा वाढतो आणि शुक्राचा पृष्ठभाग दिवाणखाना होतो. नटाच्या पाठीमागे दोन रजया टांगा, माईकच्या मागे नाही. माईक ज्या दिशेने ऐकतो ती भिंत झाकायची असते. साधं बोलणं २० ते ३० सेंटिमीटरवरून, कुजबुज ८ वरून. कुजबुजीत 'प' आणि 'भ' फुटतात, तोंड थोडं तिरकं ठेवा. खरा रिबन कुणी मिळवलाच तर त्याच्यावर फुंकून तपासू नका, पट्टी दोनेक मायक्रॉन जाडीची असते. बिघडलेल्या तारेवरून ध्वनियंत्राचे ४८ व्होल्ट (फँटम पॉवर) गेले तरी ती ताणली जाते.

#१९ · चिवडा_चौकार

जुन्या मालिकांचे तुकडे उचलून चालतील का? सत्तर वर्षं झाली.

#२० · निवांत_नगरकर

सरसकट नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, पण संहितेचा वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. चार्ल्स चिल्टन २०१३ मध्ये गेले, यावरून हिशेब करा. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९४७ ते १९५६ दरम्यान प्रकाशित ध्वनिमुद्रणांना ११० वर्षांचं संरक्षण आहे. धाटणीवर मात्र कुणाचा हक्क नाही. उलट मोजणी, घुमणारी घोषणा, तीन प्रश्न, हे खुशाल घ्या.

#२१ · तबकडी

घुमणारी घोषणा फितीवर कशी व्हायची ते लिहून ठेवतो. मुद्रण करणाऱ्या आणि वाजवणाऱ्या डोक्यांत ५ सेंटिमीटर अंतर, फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर, म्हणजे प्रतिध्वनी २६३ मिलिसेकंदांनी. वेग ३८ केला की १३२. संगणकावर २६३ ठेवा, परतावा २५ ते ३० टक्के, आणि प्रत्येक फेरीला वरचा आवाज थोडा कमी होऊ द्या. फीत तशीच मऊ होत जायची. परतावा ५० च्या वर नेला की पुढचं वाक्य बुडतं. घोषणेचा शेवटचा शब्द स्वरान्त हवा: 'शुक्राकडे' छान लांबतं, 'अंतराळात' मधला 'त' टपटपत राहतो.

#२२ · भोंगा

शिरस्त्राणातला आवाज राहिला. मातीच्या माठात तोंड घालून बोलतात लोक. चांगला लागतो, पण काही शब्द मध्येच ढुम्म होतात.

#२३ · शून्य_डेसिबल

माठाला स्वतःची एक पट्टी असते. पोटात दहा लिटर, तोंड बारा सेंटिमीटर, गळा पाचेक सेंटिमीटर, तर ती १५० ते १६० हर्ट्झच्या आसपास येते. पुरुषाचा बोलण्याचा सूर तिथेच घुटमळतो, म्हणून सूर त्या पट्टीवर आला की ढुम्म. त्या जागी ६ डेसिबलची अरुंद कात्री लावा, किंवा माठात अर्धा लिटर पाणी घालून पट्टी जराशी वर सरकवा. नटी असेल तर उलट, पाणी काढा. पाणी घातलंत तर माठ हलवू देऊ नका, डुचमळणं मुद्रित होतं.

#२४ · भोंगा

डुचमळणं ठेवतो. ध्वनी ९: नाडकर्णींच्या शिरस्त्राणात घाम.